अनुभव धागा: मराठीचा गृहपाठ विचारायला आलेल्या मुलांना तुम्ही काय सांगता?

उत्तर सांगून टाकलं की वही भरते आणि पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न परत येतो. मूल स्वतः उत्तरापर्यंत कसं पोचलं, ते उदाहरणांसकट लिहा.

मालवण, निवृत्त शिक्षिका
'मी आंबा खाल्ला' याचा प्रयोग बरीच मुलं कर्तरी सांगतात, कारण 'मी'ला प्रत्यय दिसत नाही. मी व्याख्या काढतच नाही. म्हणते, आंबा काढ, चिंच ठेव. 'मी चिंच खाल्ली.' आता गरे. 'मी गरे खाल्ले.' क्रियापद कोणामुळे बदललं? आता 'मी'च्या जागी आईला आण: 'आईने गरे खाल्ले.' क्रियापद जागचं हललं नाही. म्हणजे कर्मणी, हे मूलच सांगतं. मग 'आईने गायीला बांधले', 'आईने बैलांना बांधले' अशी वाक्यं दिली की भावे प्रयोगही सापडतो.

रत्नागिरी, वाचनालयात काम करतो
'केशवसुतांची माहिती लिहा' म्हटलं की मुलं मोबाईलवरून जन्म 1866, मृत्यू 1905 एवढं उतरवून मोकळी होतात. मी त्यांची 'आम्ही कोण?' ही कविता समोर ठेवतो आणि मोजायला लावतो. ओळी 14. प्रत्येक ओळीत अक्षरं 19. शेवटच्या दोन ओळींचं यमक निराळं. सुनीत (14 ओळींची कविता) आणि शार्दूलविक्रीडित (19 अक्षरांचं वृत्त) ही नावं त्यानंतर सांगतो, तेव्हा ती लक्षात राहतात. गणपतीपुळ्याला जाणाऱ्या पालकांनी मुलांना शेजारच्या मालगुंडला जरूर न्यावं, कवीचं जन्मघर तिथे आहे. आणि 1911 सालचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिणारे मोरो केशव दामले हे त्यांचे सख्खे भाऊ, हे ऐकून व्याकरणाला कंटाळलेली मुलंही मान वर करतात.

दापोली, पालक
आमच्याकडे ऱ्हस्व-दीर्घाची रड. 'विहीर' दीर्घ, 'विहिरीत' ऱ्हस्व का? फूल-फुलात, मूल-मुलाला, खीर-खिरीत अशा जोड्या मुलीनेच जमवल्या आणि नियम तिच्याच तोंडून आला.

वेंगुर्ला, भाचीचा अभ्यास घेते
निबंध 'माझे गाव'. पहिलं वाक्य ठरलेलं: 'माझे गाव निसर्गसौंदर्याने नटलेले आहे.' मी वही मिटायला लावते आणि आज सकाळी काय बघितलंस ते विचारते. 'माझो आजो रापणीक जाता' (आजोबा रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला जातात) इथून ती सुरू होते: दोर कोण ओढतं, बांगडे कमी मिळाले की आजी काय बोलते. मी फक्त मुद्दे टिपते, लिहिते तीच. नंतर मोठ्याने वाचायचं. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडायचं. असा कच्चा खर्डा झाल्याशिवाय पक्क्या वहीला हात नाही. मालवणच्या बाई, बोलीतले शब्द ठेवावेत का?

मालवण, निवृत्त शिक्षिका
'रापण' ठेवाच, त्या मासेमारीचं नावच ते आहे. आजी बोलते ते वाक्य अवतरणचिन्हांत मालवणीतच राहू दे, भोवतालचं निवेदन प्रमाण मराठीत. आणि पहिलं वाक्य सगळ्यात शेवटी लिहून घ्या.