‘ड्राफ्ट्समन’ला मराठीत काय म्हणायचं?

एका चित्रयादीचं मराठी करून देतेय. त्यात झाँ-गियोम म्वात (१७४६–१८१०) या पॅरिसच्या माणसाचं एक चित्र आहे. पिसाच्या लेखणीने काढलेलं, काळी शाई, वर करडा वॉश, म्हणजे पाणी घातलेल्या शाईचा हात. नावापुढे ‘स्कल्प्टर अँड ड्राफ्ट्समन’. शिल्पकार लिहून मोकळी झाले, पुढे अडले. ‘आरेखक’ म्हटलं की बांधकाम खात्यातला, टेबलावर निळे नकाशे पसरून बसलेला माणूस दिसतो. ‘रेखाचित्रकार’ म्हटलं तर दिवाळी अंकातल्या कथांना चित्रं काढणारा. काय लिहू?

प्रतिसाद: आरेखकाला एवढं हसू नका, ताई. आयटीआयला दोन वर्षं तेच शिकलोय. हा म्वात ऑन्री ओग्यूस्त नावाच्या सोनारासाठी चांदीच्या भांड्यांची चित्रं काढायचा ना? म्हणजे कागदावर याने काढायचं आणि तिकडे कारागिराने ते धातूत उतरवायचं. आमच्या धंद्यात यालाच आरेखन म्हणतात!

प्रतिसाद: पण त्याची रेघ बघा. पट्टी लावून मारलेली नाही ती. १७६८ साली शिल्पाचं बक्षीस मिळवून रोमला जाऊन आलेला माणूस. माणसं एका ओळीत, बाजूने दिसणारी, कडा चाकूने कोरल्यासारख्या स्वच्छ. मग पाणी घातलेल्या शाईचा हात फक्त सावलीपुरता फिरवलेला, की लगेच उठाव येतो. खडूची रेघ पुसता येते, शाईची नाही. मी ‘रेखाटनकार’ म्हणेन.
जाता जाता, ‘उठाव’ हा शब्द याला दोन्हीकडून लागू पडतो. फ्रेंच राज्यक्रांतीच्या ऐन धामधुमीत, १७९३ साली, पॅरिसच्या पाँतेआँ या स्मारकाच्या दर्शनी त्रिकोणात याने उठावशिल्प केलं होतं. राजे परत आल्यावर ते काढून टाकलं.

प्रतिसाद: ‘रेखाटनकार’ म्हणताना माझी जीभ अडखळते. ते असो. यादीत कुठे ‘ब्राउन इंक’ आलं तर जपून. त्या काळी युरोपात मायफळ, हिराकस आणि डिंक यांची शाई सर्रास असे. बाळगुटीत उगाळतो तेच मायफळ. ही शाई लिहिताना फिकी असते, हवा लागली की काळी होते आणि वर्षानुवर्षांनी तपकिरी. कधीकधी कागदही खाते, रेघेच्या जागी चीर पडते. म्हणजे आज तपकिरी दिसणारी पुष्कळ चित्रं काढली तेव्हा काळीच होती. (लाकडाच्या धुराच्या काजळीपासून केलेली, मुळातच तपकिरी अशी शाईही होती, म्हणून डोळे झाकून ‘काळी’ही लिहू नका.) दिव्याच्या काजळाची काळी शाई मात्र अशी तपकिरी होत नाही.
शाई म्हणजे मुळात फारसी सियाही, काळेपणा. तरी आपण बिनदिक्कत ‘लाल शाई’ म्हणतो. फ्रेंच ‘आँक्र’चं मूळ ग्रीक, अर्थ ‘भाजून पक्कं केलेलं’. कागद जाळणाऱ्या शाईला शोभतं!

धागालेखिका: सगळ्यांचे आभार. काल रात्री फ्रेंच शब्दाच्या मागे लागले. चित्र या अर्थाचा ‘देसँ’ आणि बेत, हेतू या अर्थाचा ‘देसँ’ हे मुळात एकच. उच्चार आजही तोच. स्पेलिंगं वेगळी झाली ती म्वातच्याच शतकात, तीही एका अक्षराने. वाचल्या वाचल्या ‘आखणे’ आठवलं. आपण रेघ आखतो तसाच बेतही आखतो, डावही आखतो.

प्रतिसाद: पण म्वात नुसता आखत नव्हता, रेखत होता. आजी भुवया रेखायची, कुंकू रेखायची. ते कुणी ‘आखलं’ म्हणत नाही. आखायला पट्टी किंवा डोकं लागतं, रेखायला हात. दोन्ही जमलं की आपण ‘आखीवरेखीव’ म्हणतो.

प्रतिसाद (आयटीआयवाला): मग फ्रेंच लोक आमच्यासारख्या नकाशावाल्याला काय म्हणतात?

धागालेखिका: ‘देसिनातर’. म्वातलाही तेच. कारखान्यात यंत्राचे भाग काढणाराही देसिनातर आणि हाही. त्यांना त्यात काही कमीपणा वाटत नाही, मग मलाच का वाटावा? सोनारासाठी काढलेल्या चित्रांना ‘आराखडा’ आणि बाकीच्यांना ‘रेखाटन’ लिहितेय. नावापुढे फक्त दोन शब्दांची जागा आहे. ‘शिल्पकार, आरेखक’ असं आज सकाळी पाठवलं.

प्रतिसाद (आयटीआयवाला): पेढे कधी?