मंडळी म्हणजे नक्की कोण?

लोअर परळ:
ऑफिसातल्या मैत्रिणीच्या भावाच्या लग्नाची पत्रिका आलीय, मराठीत छापलेली, त्यात 'मंडळीचे पाळक' असं आहे. आपण घरची मंडळी म्हणतो तीच का ही? आणि पाळक म्हणजे पालक का? तिलाच विचारायला जरा अवघड वाटतंय.

भायखळा:
अवघड कशाला वाटून घेता, बिनधास्त विचारा, आम्हा ख्रिस्ती लोकांना बरंच वाटतं कुणी विचारलं की. मंडळी म्हणजे चर्च, पण इमारत नाही, माणसं. बायबलातल्या ग्रीक एक्लेसिया शब्दासाठी मराठीत हाच शब्द घेतला, मत्तयाच्या 16व्या अध्यायात येशू पेत्राला म्हणतो ना की ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन, तीच ही. आता व्याकरण बघा, घरी आपण 'मंडळींना वाढा' म्हणतो, अनेकवचन, पण बायबलात मंडळी ही एकच, 'ती', आणि जास्त असल्या की चक्क 'मंडळ्या'. बायबलाच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, आशियातल्या सात मंडळ्यांना निरोप आहेत. मंडळ्या हे रूप बाहेर कुठे ऐकलंय कधी? प्रेषित पौल तर रोमकरांना लिहिलेल्या पत्रात प्रिस्का आणि अक्विला ह्या नवराबायकोच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगतो, म्हणजे तेव्हा वेगळी इमारत नव्हतीच, कुणाच्या तरी घरातच सगळे बसायचे. तो सलामही आमच्यात टिकलाय, रविवारी उपासना सुटली की दारातच चपला शोधता शोधता म्हातारी माणसं एकमेकांचा हात हातात घेऊन 'सलाम' म्हणतात.

पाळक म्हणजे पास्टर. मेंढपाळातला पाळ तो, पालक नव्हे. पास्टरचाही लॅटिनमधला अर्थ मेंढपाळच.

वसई, आता बोरिवली:
हे प्रोटेस्टंट लोकांचं झालं हां. आम्ही कॅथलिक, आमच्यात ख्रिस्तसभा म्हणतात, पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीला, धर्मग्राम, डायोसीसला, म्हणजे बिशपच्या हद्दीला, धर्मप्रांत, 1998 ला वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला. पाळक नाही म्हणत, फादर नाहीतर धर्मगुरू. आणि पोर्तुगीज शब्द तर घरोघरी, पाद्री, क्रूस, नाताळ. नाताळ अख्खा महाराष्ट्र बोलतो, तो पोर्तुगीज आहे हे कुणाच्या मनातही येत नाही.

लोअर परळ:
अरे वा. पण इतकं शुद्ध मराठी तुमच्याकडे असेल असं वाटलं नव्हतं, खरंच.

भायखळा:
हेच वाक्य आम्ही शाळेपासून ऐकतोय, रागावून नाही सांगत पण मनाला लागतं. आडनाव गायकवाड सांगितलं की 'मग ख्रिश्चन कसे', आणि ख्रिश्चन सांगितलं की 'मग मराठी इतकं चांगलं कसं'. अहो ख्रिस्तपुराण 1616 सालचं, ओवीबद्ध, फादर स्टीफन्सनी गोव्यात रचलं. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आलं 1813 ला, त्यांचं ज्ञानोदय हे नियतकालिक सुरू झालं 1842 ला. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 ला ह्याच मुंबईत झाला आणि त्यांची भजनं आम्ही अजून पेटी-तबल्यावर म्हणतो. धर्म बदलला म्हणून भाषा कुठे जाते? मला खरी काळजी घरातलीच आहे, पोरं इंग्लिश मीडियमची, उपासनेत पडद्यावर भजनं रोमन लिपीत दाखवावी लागतात, आणि मुलगी मंडळी न म्हणता 'आपलं चर्च' म्हणते. तिला मी दर वेळी टोकते. चर्च दुरुस्तीसाठी बंद ठेवता येतं, मंडळी नाही ठेवता येत.

वसई, आता बोरिवली:
शंभर टक्के. फादर दिब्रिटो 2020 ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हाही ख्रिस्ती धर्मगुरू कसा चालेल म्हणून ओरड झालीच होती, आयुष्यभर मराठीत लिहिलेला माणूस.

गोरेगाव:
मध्येच विचारतो, सोसायटीतले एक ख्रिस्ती काका गेले, बोर्डावर नोटीस लावायचीय. कै. लिहिलं तर चालेल ना?

भायखळा:
कै. नको, ते कैलासवासी होतं. 'ख्रिस्तवासी' लिहा, आमच्यात सर्रास लिहितात. नाहीतर 'प्रभूमध्ये निद्रिस्त झाले' असंही चालतं. आणि दफनाची वेळ त्यांच्या घरच्यांना विचारून खाली टाका, अंत्यविधी असं मोघम नका लिहू, लोक स्मशानात जाऊन उभे राहतात.