अरबी समुद्रातली वादळं खरंच वाढलीत का?

पोफळीवाला:
श्रीवर्धनला आत्याची वाडी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने दुपारभरात पोफळी अर्ध्यातून मोडून टाकल्या, नुसते खुंट उभे. आत्या म्हणते सासऱ्यांच्या तोंडूनही असलं ऐकलं नव्हतं. आदल्या वर्षी अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं, पुढच्या वर्षी तौक्ते. वाढलीत, अजून काय पुरावा पाहिजे?

आकडेमोड:
पाच तर १९०२ लापण झाली होती राव. आणि नोंदी १८९१ पासूनच्या असल्या तरी उपग्रह आले साठच्या दशकात, त्याआधी भर समुद्रातलं वादळ कळणार कधी तर एखादं जहाज त्यात सापडलं तर, आणि कप्तान शहाणा असेल तर तो लांबूनच वळसा घालणार, म्हणजे नोंदच नाही. त्यात २००४ पासून नावं द्यायला लागले, चॅनेलवाल्यांना दिवसभर दळण.

गिरगावचा_बंड्या:
१८८२ ला मुंबईत वादळात लाखभर माणसं मेली होती म्हणे?

आकडेमोड:
बंड्या ती थाप आहे. तेव्हाच्या पेपरात कुठे पत्ता नाही, लाख माणसं मेली आणि छापलं नाही?

भरती_ओहोटी:
आकडेमोड, जुन्या नोंदींचं पटलं. पण पुण्याच्या आयआयटीएमचा, म्हणजे हवामान संशोधन संस्थेचा, २०२१ चा अभ्यास १९८२ पासूनचाच डेटा घेतो, उपग्रह सगळ्या काळात आहेतच. तरीही २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली वादळं आधीपेक्षा ५२ टक्के जास्त, बंगालच्या उपसागरात उलट ८ टक्के कमी. पाणी तापतंय हो, वादळाला सरपण तेच.

आकडेमोड:
मुळात वर्षाला एखाददुसरं, त्यात दोनचार इकडेतिकडे झाली की टक्केवारी उड्या मारते. आणि समुद्रात होणं वेगळं, आपल्याकडे येणं वेगळं. बरीचशी ओमानला नाहीतर गुजरातला जातात, तौक्तेपण गुजरातेत उन्याकडेच लागलं. आपल्या किनाऱ्यावरची ठळक म्हणजे १९४८ चं, २००९ चं फयान आणि निसर्ग. तीन ठिपक्यांतून कसली रेघ मारताय?

भरती_ओहोटी:
किनाऱ्यावरच्या आकड्यांवरून काही सांगता येत नाही हे खरंय. पण तौक्ते लागलं उन्याला आणि तेलक्षेत्रातल्या कामगारांचा पी-३०५ बार्ज बुडाला तो मुंबईसमोरच्या समुद्रात, कितीतरी माणसं गेली, ते कुठल्या रकान्यात धरणार?

पोफळीवाला:
तुमचं चालू द्या. आत्याने निसर्गनंतर लावलेल्या पोफळी आत्ता कुठे धरायला लागल्यात, मे संपत आला की ती रोज विंडी हे वाऱ्याचं अ‍ॅप उघडून बसते.