सहामाहीचे ७१ टक्के अमेरिकेला कळवायचे का?

नाशिकची_आई
मुलगी बारावी सायन्सला, स्टेट बोर्ड. दहावीला ९४, अकरावीला ८८ आणि आता सहामाहीत ७१. ऑक्टोबरभर अमेरिकेच्या अर्जांचे निबंध आणि सॅट, म्हणजे तिकडची प्रवेशपरीक्षा, चालू होतं, अभ्यास मागे पडला हे खरं. पण तिच्या ज्युनिअर कॉलेजात पेपरही कडक तपासतात. वर्गात पहिल्या आलेल्या मुलाला ७९च आहेत.

अमेरिकेत सात ठिकाणी अर्ज केलेत. त्यातल्या चार कॉलेजांना कॉमन ॲपवरून (एकाच ठिकाणाहून अनेक कॉलेजांना अर्ज पाठवायची साइट) मिडइयर रिपोर्ट हवाय, म्हणजे बारावीचे अर्ध्या वर्षाचे मार्क, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. उपप्राचार्य सर म्हणतात, "सहामाही कोण विचारतं मॅडम, बोर्डाचे पाठवू." नवऱ्याचंही तेच मत. मुलगी म्हणते पाठवायचेच. तुम्ही काय केलं असतं?

कोथरूडचा_बाप
अजिबात पाठवू नका. आपल्याकडची सहामाही म्हणजे रंगीत तालीम. निम्मी मुलं क्लासच्या टेस्ट सिरीजमध्ये असतात, कॉलेजच्या पेपरला नुसती हजेरी लावतात. तिकडच्या माणसाला त्यातलं काय कळणार? ८८ वरून ७१, घसरली, एवढंच दिसेल. आपणच आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा? विचारलंच तर "आमच्या बोर्डात अधिकृत निकाल मे महिन्यातच लागतो" असं कळवा. हे खोटंही नाही.

ओहायोवासी
खोटं नाही, पण अर्धवट आहे. तारखा बघा. रेग्युलर, म्हणजे नेहमीच्या फेरीचे अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला जातात, मोठ्या कॉलेजांचे निकाल मार्चअखेर लागतात आणि १ मेपर्यंत होकार कळवून डिपॉझिट भरायचं असतं. बारावीचा निकाल २०२५ साली लवकर लागला म्हणतात, तोही ५ मे रोजी. म्हणजे निर्णय घेणाऱ्यासमोर बोर्डाचे मार्क नसतातच. बारावीत ही मुलगी काय करतेय हे दाखवणारा तेवढा एकच कागद, आणि तोच तुम्ही दाबून ठेवायला सांगताय. मागितलेला कागद आला नाही तर फाइल अपुरी राहते. मग एक तर आठवणीची मेल येते, नाहीतर काहीच येत नाही. दुसरं जास्त वाईट.

शिवाय भारताचे अर्ज वाचणारी माणसं बहुतेक ठिकाणी ठरलेली असतात. वर्षानुवर्षं आपल्याच गुणपत्रिका बघतात. सहामाही म्हणजे काय हे त्यांना तुमच्याआमच्याइतकंच ठाऊक असतं.

कोथरूडचा_बाप
असतं ना ठाऊक? मग ७१ चा अर्थही ते आपला आपण लावतील, हा भरवसा कशावर? आणि ताई, आर्थिक मदत मागितली आहे का तुम्ही? परदेशी मुलांची ऐपत न बघता निवड करणारी कॉलेजं हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट अशी मोजकीच. बाकी ठिकाणी मदत मागणाऱ्या परदेशी मुलाची गाळणी आणखी बारीक. तिथे एक खडासुद्धा महागात पडतो.

नाशिकची_आई
मागितली आहे. म्हणून तर झोप नाही.

जुगाड_जिंदाबाद
एवढा काथ्याकूट कशाला? सरांना भेटा, ७१ चे ८४ करून कॉलेजच्या लेटरहेडवर घ्या. सहामाहीचं रेकॉर्ड कोण तपासायला येतंय?

निवृत्त_मास्तर
मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं आणि असे रिपोर्ट भरूनही दिले, म्हणून बोलतो. वरचा सल्ला मनातून काढून टाका. सही सरांची असते, प्रवेश मुलीचा असतो आणि नंतर विसंगती सापडली तर दिलेला प्रवेशही काढून घेतात. पुढच्या वर्षी त्याच कॉलेजातून अर्ज करणाऱ्या मुलांकडेही संशयाने बघतात, ते वेगळंच.

आता मुद्द्याचं. सहामाहीला आम्ही मुद्दाम हात आखडता ठेवतो. सत्तरच्या पेपरला पन्नास दिले की पोरगं फेब्रुवारीपर्यंत जमिनीवर राहतं. पण हे त्या कागदावर कुठे लिहिलेलं असतं? तेच लिहून घ्यायचं. सरांना चार ओळी लिहायला सांगा: वर्गात सर्वाधिक ७९ टक्के, हिचे ७१, हिचा वर्गातला क्रमांक अमुक, तपासणी कडक. नुसते ७१ पाठवणं आणि हे लिहून ७१ पाठवणं यात फार फरक आहे. आणि टक्क्यांचं जीपीए, म्हणजे अमेरिकी पद्धतीची सरासरी, स्वतः करू नका. जसे आहेत तसे जाऊ द्या.

कोथरूडचा_बाप
मास्तर, क्रमांकाचं पटलं. पण मग प्रिलिमपर्यंत थांबायला काय हरकत आहे? ती जानेवारीत होते, मुदत फेब्रुवारीची. प्रिलिम चांगली गेली तर तीच पाठवा, सहामाहीचा विषयच नको.

ओहायोवासी
थांबा म्हणणं ठीक, गाळा म्हणणं नाही. प्रगतिपुस्तकावर दोन्ही रकाने असतील तर दोन्ही जातात. ७१ नंतर ७८ दिसले तर ती चढती रेघ आहे. नुसते ७८ आले तर अकरावीच्या ८८ वरून घसरण ती घसरणच.

कोथरूडचा_बाप
आणि ७१ नंतर ६८ आले तर? तुमची रेघ खाली जाते तेव्हा काय करायचं, तेही सांगा.

ओहायोवासी
तेव्हाही पाठवायचे. माझे स्वतःचे प्रिलिमचे मार्क सहामाहीपेक्षा कमी होते. चार ठिकाणी नकार आले, एका ठिकाणी झालं. ते नकार मार्कांमुळेच आले का, मला आजही सांगता येणार नाही.

सातवा_अर्ज
ताई, सातपैकी एखादा अर्ज कॉमन ॲपबाहेरचा, कॅलिफोर्निया विद्यापीठाचा असेल तर तिथला घोर सोडा. ते मिडइयर रिपोर्ट मागत नाहीत. अर्जात मार्क मुलीनेच भरायचे, अधिकृत गुणपत्रिका प्रवेश पक्का केल्यावर. एमआयटी असेल तर मात्र त्यांचा फेब्रुवारीचा वेगळा फॉर्म असतो, तो मुलीलाच भरावा लागतो.

नाशिकची_आई
कॅलिफोर्नियाच आहे. बरं झालं सांगितलंत.

प्रिलिमचा निकाल आज लागला: ७६. दोन्ही मार्क एकाच कागदावर जाणार आहेत. सर चार ओळी लिहायला तयार झाले, पण म्हणाले, "मजकूर तुम्हीच आणा, मी सही करतो." नवऱ्याचा चेहरा अजून कोथरूडच्या काकांसारखाच आहे.

निवृत्त_मास्तर
मुद्दे तुम्ही द्या, वाक्यं त्यांना लिहू द्या. त्यांचं इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. आणि कॉमन ॲपवर रिपोर्ट सरांच्या लॉगिनमधूनच चढवायचा असतो, मुलीला करता येत नाही. प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आत त्यांना गाठा, नंतर ऑफिसात कुणी सापडायचं नाही.

नाशिकची_आई
एक शेवटचं विचारते. शिक्का गोल मारायचा की प्राचार्यांचा चौकोनी?

निवृत्त_मास्तर
दोन्ही मारा. स्कॅनमध्ये मार्कांवर येऊ देऊ नका म्हणजे झालं.