मोलर प्रेग्नन्सीला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

चिंचपेटी: मावसबहिणीच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'मोलर प्रेग्नन्सी' आलंय. डॉक्टरांनी तिला नीट समजावलं, पण मावशीला काय सांगायचं हा प्रश्न माझ्यावर आला, म्हणून मोबाइलमध्ये भाषांतर करून बघितलं तर पहिल्यांदा आलं 'दाढ गर्भधारणा' आणि दुसऱ्यांदा 'तीळ गर्भधारणा'. आता हसू की रडू. मराठीत शब्द आहे का काही? आणि तो दाढेचा काय संबंध?

उंबरठा: शब्द आहे, द्राक्षगर्भ. मराठी आरोग्यविषयक लेखांत हाच वापरतात. वारेच्या पेशी भलत्याच वाढतात आणि पाण्याने भरलेल्या फोडांचे घड तयार होतात म्हणून द्राक्ष.

आणि दाढ अगदीच हवेतून आलेली नाही बरं का! लॅटिनमध्ये मोला म्हणजे जातं. जात्यासारखी दळते म्हणून दाढ मोलर, आणि पोटात जात्याच्या तळीसारखा जड गोळा म्हणून हा पण मोल. ग्रीक लोकही याला जातंच म्हणायचे, ॲरिस्टॉटलच्या लिखाणात आहे. अंगावरच्या तिळालाही इंग्रजीत मोलच म्हणतात, पण तो वेगळा, जुन्या इंग्रजीतल्या डाग या अर्थाच्या शब्दावरून आला, आणि केमिस्ट्रीतला मोल आणखीनच तिसरा. बिचारं मशीन तरी काय करणार.

आडगावचा: आमच्याकडे मूढगर्भ म्हणतात ना याला?

उंबरठा: नाही नाही, हा घोळ नको. मूढगर्भ म्हणजे बाळंतपणात अडलेलं मूल. सुश्रुताच्या निदानस्थानात आठवा अध्याय त्यावरच आहे. कील, प्रतिखुर, बीजक, परिघ असे चार प्रकार काही जण मानतात असं सांगून लगेच म्हणतो की हे बरोबर नाही, आणखी पण असतात. यातला परिघ मला फार आवडतो, परिघ म्हणजे दाराचा अडसर, तर जे मूल अडसरासारखं आडवं येऊन दार बंद करतं ते परिघ. आपण आज 'मूल आडवं आहे' म्हणतो तेच. शाळेत मात्र परिघ म्हटलं की वर्तुळच आठवतं. आणि पायाकडून आलं तर पायाळू, पाठीत उसण भरली की लाथ मारून घ्यायला ज्याला बोलावतात तो.

द्राक्षबाग: पायाळू हजर आहे 😄 लहानपणी गल्लीतल्या सगळ्या काकांना लाथा मारून झाल्यात.

मूळ मुद्द्यावर, मला हा शब्द पटत नाही. घर नाशिककडचं, द्राक्ष म्हणजे आमच्याकडे पीक, पैसा. ज्या बाईचं पोट रिकामं झालं तिच्या दुखण्याला द्राक्ष? शिवाय कंप्लीट प्रकारात गर्भ नसतोच, मग द्राक्षगर्भ कसा?

सुईदोरा: स्त्रीरोग विभागात बरीच वर्षं नर्स आहे म्हणून लिहिते. कंप्लीटमध्ये बीजांडात आईची गुणसूत्रं नसतात, बापाचीच दुप्पट होऊन 46 भरतात, त्यामुळे वारेचे फोड वाढतात आणि मूल होतच नाही. पार्शलमध्ये बहुतेक वेळा एका बीजांडात दोन शुक्राणू, 69 गुणसूत्रं, थोडाफार गर्भ असतो पण टिकत नाही. बायकांना उलट्या खूप, पोट दिवसांच्या मानाने मोठं, टेस्ट पॉझिटिव्ह, म्हणजे सगळं 'दिवस गेल्या'सारखंच, आणि सोनोग्राफीत मूल दिसायच्या जागी नुसतं बर्फ पडल्यासारखं. म्हणून शब्द जपून वापरावा लागतो. आम्ही पेशंटला द्राक्षगर्भ म्हणतच नाही, 'पिशवीत फोड धरलेत, मूल धरलं नाही' असं सांगतो, ते आजीबाईंनाही कळतं.

अजून एक, इंग्रजीत हायडॅटिडिफॉर्म लिहिलेलं दिसलं तर हायडॅटिड सिस्ट समजू नका, तो जंतांमुळे होणारा आजार. दोन्हीचं मूळ पाण्याच्या फोडाचं आहे एवढंच.

आडगावचा: पिशवी साफ केली की संपलं ना पण?

सुईदोरा: संपलं असं समजून बायका येत नाहीत तीच भीती असते. बीटा एचसीजी, म्हणजे रक्तातलं गर्भारपणाचं हार्मोन, नॉर्मल होईपर्यंत आणि नंतरही काही महिने तपासत राहायचं, आणि तोवर दिवस जाऊ द्यायचे नाहीत, कारण नवीन गर्भाने पण तोच आकडा वाढतो आणि मग काय वाढतंय ते कळत नाही. क्वचित त्यातून कोरिओकार्सिनोमा होतो. पण तोही बरा होणाऱ्या कॅन्सरपैकी आहे, 1956 मध्ये अमेरिकेत मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेट नावाच्या औषधाने तो बरा करून दाखवला होता.

द्राक्षबाग: 'फोड धरले, मूल धरलं नाही' हे झकास आहे. झाडाला फळ धरतं तसं. माझा आक्षेप मागे.

चिंचपेटी: मावशीला आत्ताच फोनवर तेच वाक्य सांगितलं. म्हणाली, 'म्हणजे पोरीने काही जड उचललं म्हणून नाही ना झालं?' नाही म्हटल्यावर बराच वेळ गप्प होती. रिपोर्टात कंप्लीट लिहिलंय, सोमवारी बीटाची पहिली तपासणी आहे, तीच घेऊन जाणार आहे.