बॉक दे कोर्व्हर: ३१ सामन्यांत एकच गोल, तरीही एवढे नाव का?

प्रश्न

नेदरलँड्सच्या पहिल्या पिढीतील फुटबॉलपटूंविषयी वाचताना बॉक दे कोर्व्हर हे नाव वारंवार समोर येते. रॉटरडॅमच्या स्पार्टा क्लबचा हा खेळाडू १९०५ ते १९१३ या काळात देशासाठी ३१ सामने खेळला, पण त्याच्या नावावर गोल एकच आहे. उलट, ३० एप्रिल १९०५ रोजी अँटवर्पमध्ये बेल्जियमविरुद्ध झालेल्या पहिल्याच सामन्यात एडी दे नेवेने एकट्याने चार गोल केले आणि संघाने ४-१ असा विजय मिळवला. मग आठवण दे कोर्व्हरचीच का निघते? दोन ऑलिंपिक पदकांमुळे, की आणखी काही कारण आहे?

पहिला प्रतिसाद

दे कोर्व्हर सेंटर हाफ होता, आणि गोंधळ इथेच होतो. आज या शब्दाने आपण गोलासमोरचा बचावपटू समजतो. त्या काळी मात्र दोन बचावपटू, तीन हाफ (मधल्या फळीतील खेळाडू) आणि पाच आक्रमक अशी रचना असे, आणि मधला हाफ प्रतिस्पर्ध्याची चढाई अडवून तोच चेंडू पुढच्या पाच जणांपर्यंत पोहोचवत असे. बदली खेळाडूची सोय नव्हती, त्यामुळे हे काम पूर्ण ९० मिनिटे एकालाच निभावावे लागे. अशा खेळाडूला गोलांच्या रकान्यात शोधणे म्हणजे यष्टिरक्षकाला बळींच्या यादीत शोधण्यासारखे आहे.

दे नेवेचे श्रेय मी नाकारत नाही. निर्धारित वेळेत १-१ अशी बरोबरी होती आणि ती बरोबरीही डच बचावपटू बेन स्टॉमच्या स्वयंगोलामुळे झाली होती. सामना जादा वेळेत फिरला. परंतु दे नेवे देशासाठी तीनच सामने खेळला. त्या काळी आंतरराष्ट्रीय सामने वर्षाला मोजकेच होत, बेल्जियम हा नेहमीचा प्रतिस्पर्धी होता आणि जर्मनीशी पहिली गाठ १९१० मध्ये पडली. अशा वेळापत्रकात ३१ सामने खेळणे म्हणजे आठ वर्षे संघातील जागा जवळजवळ सतत टिकवणे होय.

दुसरा प्रतिसाद

पदकांविषयी थोडे सावध राहावे, असे मला वाटते. १९०८ मध्ये लंडनला हंगेरीने माघार घेतल्यामुळे डच संघ न खेळताच उपांत्य फेरीत गेला आणि तेथे ग्रेट ब्रिटनकडून ०-४ असा हरला. चारही गोल हॅरल्ड स्टेपलीचे होते. डेन्मार्ककडून १७-१ असा पराभव झाल्यावर फ्रान्सने कांस्यपदकाचा सामना खेळण्यास नकार दिला, म्हणून स्वीडनला बोलावण्यात आले आणि त्यांच्यावर २-० अशी मात करून पदक मिळाले. म्हणजे एकाच विजयावर कांस्य!

१९१२ च्या स्टॉकहोममधील पदकाची गोष्ट वेगळी आहे. यजमान स्वीडनला जादा वेळेत ४-३ असे नमवून, मग ऑस्ट्रियाला ३-१ असे हरवून संघ उपांत्य फेरीत पोहोचला होता. तेथे डेन्मार्कने ४-१ असे हरवले, तरी कांस्यपदकासाठी फिनलंडचा ९-० असा धुव्वा उडाला आणि त्यात यान फॉसचे पाच गोल होते. दोन्ही पदके एकाच तागडीत तोलू नयेत.

प्रश्नकर्ता

सेंटर हाफचा मुद्दा पटला. मात्र हे सर्व खेळाडू हौशी होते. मग बलाढ्य संघांपुढे त्यांची खरी पातळी कशी ठरवावी?

तिसरा प्रतिसाद

इंग्लंडच्या हौशी संघाविरुद्धचे निकाल पाहावेत. डिसेंबर १९०७ मध्ये डार्लिंग्टन येथे डच संघाने १२ गोल खाल्ले आणि केवळ दोन केले. त्याच इंग्लंडला २४ मार्च १९१३ रोजी हेगमध्ये २-१ असे हरवले, दोन्ही गोल हौग दे ग्रोटचे. हा सव्वापाच वर्षांचा प्रवास दे कोर्व्हरच्या पिढीचा आहे आणि मला तो दोन्ही पदकांहून मोलाचा वाटतो.

नेदरलँड्समध्ये मोबदला घेऊन खेळणे १९५४ मध्ये सुरू झाले. तोवर क्लबशी नाते पैशाचे नव्हते. स्पार्टाने १९०९, १९११, १९१२, १९१३ आणि १९१५ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, ती याच काळात. त्यानंतरच्या विजेतेपदासाठी स्पार्टाला १९५९ पर्यंत थांबावे लागले. दे कोर्व्हर १९५७ मध्येच वारला होता.