प्रयोगशाळेतले तंत्रज्ञान बाजारापर्यंत न्यायचे कोणी?

कातळ:
सरकारी संशोधन संस्थांतून शोधनिबंध आणि पेटंट भरपूर निघतात, विकता येईल असे उत्पादन मात्र क्वचितच. माझ्या मते खरा दोष निधीच्या टंचाईत नसून, तंत्रज्ञान-हस्तांतरणाच्या करारावर सही झाली की प्रकल्प संपला असे मानण्याच्या रीतीत आहे. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत जन्मलेला स्वराज ट्रॅक्टर टिकला, कारण तो घडवणारे चंद्रमोहन आणि त्यांचे सहकारी अभियंते स्वतःच पंजाब ट्रॅक्टर्समध्ये गेले. कंपनी १९७० साली स्थापन झाली आणि १९७४ साली ट्रॅक्टर बाजारात आला. म्हणून प्रत्येक प्रकल्पाला आरंभापासून एकच जबाबदार प्रमुख असावा, दर सहा महिन्यांनी संभाव्य ग्राहकासमोर आढावा व्हावा आणि त्यात न टिकणारा प्रकल्प निःसंकोच बंद करावा.

मंदाग्नी:
प्रमुखाचा मुद्दा मान्य, सहामाही आढाव्याचा मुळीच नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेची 'सहेली' ही स्टेरॉइडविरहित गर्भनिरोधक गोळी १९९१ साली बाजारात आली, ती दीर्घकाळ चाललेल्या चाचण्यांनंतर. 'गिऱ्हाईक कोठे आहे?' असे सतत विचारणाऱ्या समितीने ती फाइल केव्हाच बासनात गुंडाळली असती.

चंबू:
आपण दोघेही मधला पल्ला गाळत आहात. अर्ध्या लिटरच्या चंबूतली उष्णता बाहेरचा बर्फ सहज शोषून घेतो. तीच अभिक्रिया पाचशे लिटरच्या रिअॅक्टरमध्ये केली, की आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी पडतो, तापमान चढते, अशुद्धी वाढतात आणि कागदावर उत्तम असलेली प्रक्रिया कारखानदार नाकारतो. पायलट प्लांट, म्हणजे मोठ्या उत्पादनाआधीचा लहान चाचणी-कारखाना, आणि प्रक्रिया अभियंता दुसऱ्याच वर्षी हवा, पण अंदाजपत्रकात त्याची तरतूद बहुधा शेवटी होते, तीही झालीच तर!

कातळ:
मंदाग्नी, औषधासाठी आढाव्याची मुदत लांबवावी आणि ग्राहकाऐवजी सुरक्षिततेचा पुरावा विचारावा, हे मान्य. मात्र आढावाच नको, हे पटत नाही. बंद न होणारा प्रकल्प चंबू यांच्या पायलट प्लांटचेच पैसे खातो.

मंदाग्नी:
तो बंद करण्याचा अधिकार कोणाला, हे आधी सांगा. बढती शोधनिबंधांच्या संख्येवर ठरत असेल, तर आपला जबाबदार प्रमुख तीन वर्षे रिअॅक्टरपाशी उभा राहील असे मला तरी वाटत नाही.